वशिला नको, फक्त वीस मिनिटं द्या: माणसांना भेटून करिअर शोधायचं कसं

मी डोंबिवलीची. बीकॉम झाल्यावर मस्जिद बंदरला एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्सला लागले. दोन वर्षं टॅली, जीएसटी, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी आपल्या हिशोबाशी जुळवणं) हेच चाललं होतं, काम नेटकं करायचे पण पुढे काय ते काही कळत नव्हतं. घरी, सोसायटीत, लग्नाकार्यात जो भेटेल तो सांगायचा, सीए कर, एमबीए कर, बँकेच्या परीक्षा दे. एक दिवस लक्षात आलं की हे सांगणाऱ्यांपैकी एकही जण ते काम स्वतः करत नाहीये. मग ठरवलं की जी कामं मला करून बघावीशी वाटतायत ती आत्ता रोज करणाऱ्या माणसांनाच जाऊन विचारायचं. चार महिन्यांत १७ जणांशी बोलले, आणि आता मी विमा क्षेत्रात अंडररायटिंगला आहे, म्हणजे विमा द्यायचा की नाही आणि कुठल्या अटींवर ते धोका बघून ठरवायचं, मनापासून आवडतं ते काम.

याला इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू म्हणतात. यात प्रश्न तुम्ही विचारायचे, उत्तरं समोरच्याने द्यायची, आणि नोकरी मागायची नाही. मला हे नीट समजावून सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पहिले काही मेसेज वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

१. आधी डोक्यातला संकोच काढा

आपल्याकडे "ओळख काढणे" म्हटलं की लगेच वशिला आठवतो. माझ्या आईचं पहिलं वाक्य हेच होतं, "अगं, कुणाकडे हात पसरायचे नाहीत." तिचं बरोबरच आहे, पण वशिला मागणारा म्हणतो मला आत घ्या आणि तुम्ही म्हणताय मला सांगा आत काय असतं. हा फरक तुम्हाला स्वतःला पटला की मेसेज लिहिताना हात थरथरत नाही आणि समोरच्यालाही तो फरक पहिल्या दोन ओळीत कळतो. अनुभव असा आहे की स्वतःच्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं तर बहुतेकांना बोलायला आवडतं. घरी त्यांना कोण विचारतं की आज ऑफिसात नेमकं काय केलंस?

मी पहिल्या तिघांना मेसेजसोबतच बायोडेटा जोडून पाठवला होता. तिघांचंही उत्तर आलं नाही. बायोडेटा दिसला की माणूस समजतो हिला नोकरी हवीय, आणि नोकरी देणं त्याच्या हातात नसतं म्हणून तो गप्प बसतो. तेव्हा स्वतःहून बायोडेटा पाठवू नका. त्यांनी मागितला तरच द्या, आणि मागतात बरेच जण, म्हणून तयार मात्र ठेवा.

२. तयारीला काय लागतं

- एक एक्सेल किंवा गूगल शीट: नाव, काम, कुणाकडून ओळख, मेसेज कधी केला, भेट कधी, काय कळलं, पुढे काय करायचं
- अपडेट केलेलं लिंक्डइन प्रोफाइल, साधा स्वच्छ फोटो, आत्ता करताय ते काम दोन ओळीत
- एक पानी बायोडेटा, पीडीएफ, फोनमध्ये
- छोटी वही आणि पेन
- आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, ओरिजिनल, कारण बऱ्याच ऑफिस बिल्डिंगमध्ये गेटवर मागतात
- स्वतःबद्दल तीन वाक्यं, मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्याने बोलून बघितलेली

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "मग, काय करतेस सध्या?" हा प्रश्न प्रत्येक भेटीत येतो, आणि तिथे अडखळलं की पुढची पाच मिनिटं सावरण्यात जातात.

३. कुणाला गाठायचं

सुरुवात घराजवळून करा पण फार जवळून नको. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याने तुम्हाला ही बातमी दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा. त्याचा निबंध १९७३ सालचा आहे. आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या माणसाकडून बातमी मिळाली असे जेमतेम १७ टक्के निघाले, बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण सरळ आहे, आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही बहुतेक माहीत असतंच. नवीन माहिती लांबच्या माणसाकडून येते.

माझंही तसंच झालं. बाबांचा फास्ट लोकलमधला एक ग्रुप आहे, वीस वर्षं त्याच डब्यात चढणारी माणसं. त्यातल्या एका काकांना बाबांनी सहज सांगितलं आणि त्या काकांच्या पुतणीची मैत्रीण फोर्टला एका इन्शुरन्स ब्रोकरच्या ऑफिसात निघाली. ती माझी पहिली खरी भेट. म्हणजे विचारायचं कुणाला तर ट्रेनचा ग्रुप, गणपती मंडळातले सीनियर, जुन्या क्लासच्या मॅडम, सोसायटीत भाड्याने राहून गेलेलं कुटुंब, आईची भिशी. आणि विचारताना "कुठे काही असेल तर सांगा" असं मोघम नको, त्याने कुणालाच काही आठवत नाही. "तुमच्या ओळखीत कुणी विमा कंपनीत क्लेम्स किंवा अंडररायटिंग बघतं का?" असं नेमकं विचारा, लगेच एखादं नाव निघतं.

दुसरा रस्ता लिंक्डइन. आपल्या कॉलेजचं पेज उघडा, त्यात अॅलम्नायचा (माजी विद्यार्थ्यांचा) टॅब असतो, तिथे शहर, कंपनी आणि कामाचा प्रकार निवडून ते शोधता येतात. मला आमच्या कॉलेजचे एवढे लोक बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), लोअर परळ, पवई अशा मुंबईतल्या ऑफिसांच्या भागांत बसतात हे तोवर माहीतच नव्हतं.

एक गोष्ट मी उशिरा शिकले. आधी मी मोठमोठ्या पदांवरच्या लोकांच्या मागे होते. पण सुरुवातीला तुम्हाला हवा तो दोन ते पाच वर्षं पुढे असलेला माणूस, त्याला पहिली नोकरी कशी लागली ते ताजं आठवत असतं, आत्ता काय सॉफ्टवेअर वापरतात, फ्रेशरला काय काम देतात हे तोच सांगू शकतो. वीस वर्षं अनुभव असलेल्यांना नंतर भेटा, तेव्हा तुमचे प्रश्नही चांगले झालेले असतात.

४. मेसेज कसा लिहायचा

ओळखीतून नाव मिळालं असेल तर मराठीतच लिहा, आणि कुणी नाव दिलं ते पहिल्या ओळीत:

"नमस्कार मॅडम, कुलकर्णी काकांनी तुमचा नंबर दिला. मी बीकॉम आहे, दोन वर्षं अकाउंट्समध्ये काम करतेय आणि विमा क्षेत्रातलं काम समजून घ्यायचंय. नोकरीसाठी विचारत नाहीये, फक्त तुमचं काम रोज कसं असतं ते जाणून घ्यायचं होतं. पुढच्या दोन आठवड्यांत वीस मिनिटं फोनवर किंवा तुमच्या ऑफिसजवळ भेटता येईल का? तुमच्या सोयीने. जमणार नसेल तरी काही हरकत नाही."

काकांचं नाव टाकायच्या आधी काकांना विचारायचं, आणि नंबर देण्याआधी त्यांनी त्या मॅडमना विचारलंय ना तेही बघायचं. हे चुकलं तर दोघंही दुखावतात.

लिंक्डइनवर अनोळखी माणसाला इंग्रजीत लिहिलेलं बरं, कॉलेजचा उल्लेख आधी. फुकटच्या अकाउंटवर रिक्वेस्टसोबतच्या नोटला जागा फार थोडी असते आणि महिन्याला मोजक्याच नोट पाठवता येतात, म्हणून सगळ्यांवर उधळू नका. त्यांनी काही लिहिलं असेल, कुठे बोलले असतील तर त्यातली एक गोष्ट नेमकी लिहा. एकच मेसेज कॉपी करून वीस जणांना पाठवला तर ते वाचणाऱ्याला कळतं, मला आता येणाऱ्या मेसेजमध्ये लगेच कळतं.

हाक कशी मारायची? पहिल्या मेसेजला सर किंवा मॅडम. पुष्कळ जण म्हणतात "अगं नावानेच बोल", मग नाव घ्या पण "तुम्ही" सोडू नका. सोसायटीतल्या, मंडळातल्या ओळखीत ताई, दादा, काका चालतं, ऑफिसच्या ईमेलवर नाही.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. एकदाच. मी चाळीसेक मेसेज केले तेव्हा १७ भेटी झाल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक गप्पच राहिले आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं.

५. वेळ कधी मागायची

याकडे नवीन माणसाचं लक्षच जात नाही. जीएसटी बघणाऱ्या माणसाला ११ तारखेच्या आधी किंवा २० तारखेच्या आसपास गाठू नका, रिटर्न भरायची धावपळ असते. सीएच्या ऑफिसात जुलैअखेर आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर अशक्य. बँक आणि विमा कंपन्यांत मार्च महिना. इक्विटी रिसर्चवाल्यांचं, म्हणजे शेअर्ससाठी कंपन्यांचा अभ्यास करणाऱ्यांचं वेगळंच, लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यावे लागतात, वर्षाच्या निकालाला ६० दिवस, त्यामुळे जुलै मध्यापासून ऑगस्ट मध्यापर्यंत, तसंच ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीत ही मंडळी रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. मी एका रिसर्चवाल्या दादाला नेमका ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेसेज केला, त्याचं उत्तर १८ तारखेला आलं, आणि भेटल्यावर त्याने हे सगळं समजावून सांगितलं. गणपतीचे दिवस कुणालाच मागू नका.

पावसाळ्यात भेट ठरवली तर "पाऊस जास्त असला तर फोनवर बोलू" हे आधीच लिहून टाका, समोरच्यालाही बरं वाटतं.

६. भेटीच्या दिवशी

बीकेसीला जायचं तर वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनला उतरून शेअर रिक्षा नाहीतर बस, आता भूमिगत मेट्रो ३ चं स्टेशनही आहे. पण बीकेसी म्हणजे एक पत्ता नव्हे, जी ब्लॉक, ई ब्लॉक असे ब्लॉक आहेत आणि चुकीच्या ठिकाणी उतरलात तर उन्हात वीस मिनिटं चालाल. ब्लॉक, बिल्डिंग, गेट तीनही विचारून घ्या. बऱ्याच बिल्डिंगमध्ये फोनवर ओटीपी आल्याशिवाय व्हिजिटर पास मिळत नाही, तेव्हा बॅटरी भरलेली हवी. खालची ही सगळी प्रक्रिया धरून पंधरा मिनिटं आधी पोचा, पण वर दहा मिनिटं आधी जाऊन बसू नका, त्यांच्यावर दडपण येतं.

कपडे ऑफिसला घालतो तसेच. चहाचे पैसे तुम्ही काढा, त्यांनी नको म्हटलं तर एकदाच आग्रह करा आणि सोडून द्या.

मुलींसाठी विशेष: भेट ऑफिसच्या वेळेत, ऑफिसात किंवा गजबजलेल्या हॉटेलात. लोकेशन घरी पाठवून ठेवा. कुणी रात्रीच्या जेवणाचा किंवा घरी यायचा आग्रह केला तर "फोनवरच बोलू" म्हणून मोकळं व्हा, कारण द्यायची गरज नाही.

७. काय विचारायचं

जे नेटवर मिळतं ते विचारून वेळ घालवू नका. कंपनी काय करते, कोर्सची फी किती, हे आधी वाचून जा. रिसर्चवाल्याला भेटणार असाल तर एखाद्या लिस्टेड कंपनीच्या कॉनकॉलचं (निकालानंतर कंपनी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते त्याचं) ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे लिखित रूप वाचा, बीएसई आणि एनएसईच्या साइटवर फुकट मिळतं. मी एक वाचून गेले आणि त्यात न समजलेले तीन शब्द विचारले, तो दादा एकदम खुलला.

मला सगळ्यात उपयोगी पडलेले प्रश्न हे:

- काल सकाळी ऑफिसला आल्यापासून निघेपर्यंत काय काय केलंत?
- या कामातला कुठला भाग बाहेरच्यांना दिसतच नाही?
- कंटाळा कशाचा येतो?
- या कामात टिकत नाहीत ते लोक का सोडून जातात?
- तुम्ही आज माझ्या जागी असता तर पुढच्या सहा महिन्यांत काय शिकला असता?
- अजून कुणाशी बोलू?

पहिल्या प्रश्नावर जोर द्या. "तुमचं काम काय असतं?" विचारलं की लोक पदाचं वर्णन सांगतात, "काल काय केलंत?" विचारलं की खरं काम सांगतात. मला वाटायचं इक्विटी रिसर्च म्हणजे दिवसभर स्क्रीनवर भाव बघणं. त्या दादाने सांगितलं की त्याचा कालचा अख्खा दिवस एका कंपनीच्या अॅन्युअल रिपोर्टमधल्या नोट्स वाचण्यात आणि एक्सेलमधला एक आकडा का जुळत नाही ते शोधण्यात गेला. अॅक्च्युअरी (विम्यातल्या धोक्याचं गणित मांडणारा तज्ज्ञ) व्हायला निघालेल्या एका मुलीने सांगितलं की प्रवेश परीक्षा हे फक्त दार आहे, खरे पेपर नंतर नोकरी करत करत वर्षानुवर्षं द्यायचे असतात आणि तेवढा दम आहे का ते आधी बघ. मी प्रामाणिकपणे बघितलं, आणि नाही म्हटलं. हेही या भेटींचं मोठं काम आहे, दोन वर्षं आणि फी घालवून जे कळलं असतं ते अर्ध्या तासात कळलं.

आणि मग फोर्टच्या त्या ताई. त्यांनी आदल्या दिवशी भिवंडीच्या एका गोडाऊनचं प्रपोजल (विम्यासाठीचा अर्ज) बघितलं होतं, कुणाचं ते अर्थातच सांगितलं नाही. छप्पर कशाचं आहे, आत माल कुठला, कापड आणि केमिकल शेजारी शेजारी तर ठेवलं नाहीये ना, वायरिंग किती जुनं, आग विझवायची सोय काय, मागचे क्लेम किती, आणि स्टॉकचा हिशोब नीट ठेवतात का. शेवटचं ऐकून मी वही खालीच ठेवली. स्टॉकचा हिशोब तर मी दोन वर्षं करत होते! त्या रजिस्टरात कुठे काय लपतं ते मला माहीत होतं. मी तेवढं बोलले तर त्या म्हणाल्या, "मग तू अंडररायटिंगचा विचार का करत नाहीस?" हा शब्द माझ्या यादीत दुसऱ्या पानावर होता. इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची लायसन्शिएटची, म्हणजे विमा क्षेत्रातली पहिल्या पायरीची परीक्षा नोकरी सांभाळून देता येते हेही त्यांच्याकडूनच कळलं.

पगार "तुम्हाला किती मिळतो" असं विचारू नका. "सुरुवातीला साधारण किती अपेक्षा ठेवावी" असं शेवटी शेवटी विचारलेलं चालतं. कंपनीच्या आतल्या गोष्टी, क्लायंटची नावं खोदू नका. रेकॉर्डिंग नको, वहीत लिहिताना सुद्धा "लिहून घेऊ ना?" विचारा. आणि वीस मिनिटं झाली की तुम्हीच म्हणा, "वेळ झाली, तुम्हाला थांबवत नाही." बहुतेक वेळा ते म्हणतात बस अजून पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत सगळ्यात कामाचं बोलणं निघतं.

८. त्याच रात्री

परतीच्या ट्रेनमध्येच, बसायला मिळालं तर, वहीतलं शीटमध्ये उतरवा. उद्यावर टाकलं की निम्मं जातं. रात्री आभाराचा मेसेज, आणि त्यात "खूप छान वाटलं" एवढंच नको, त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आणि त्यावर तुम्ही काय करणार ते लिहा. ज्याने ओळख करून दिली त्यालाही कळवा. हे लोक हमखास विसरतात, आणि मग काका दुसऱ्यांदा नाव सुचवत नाहीत.

९. इथे फसू नका

"भेटा, करिअरबद्दल बोलू" म्हणून बोलावतात आणि तिथे गेल्यावर तीस खुर्च्या, प्रोजेक्टर आणि दोन माणसं खाली जोडा म्हणून सांगणारा सूट घातलेला माणूस. मी अशा एका ठिकाणी ठाण्याला गेले होते, दहा मिनिटांत उठून आले. कामाचं नाव विचारल्यावर जो नीट सांगत नाही, "आल्यावर कळेल" म्हणतो, त्याच्याकडे जाऊच नका. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचं डिपॉझिट मागणाऱ्यांना एक रुपया देऊ नका, आधारची कॉपी आणि बँकेची माहिती तर नाहीच.

दुसरी चूक आपली स्वतःची, एकाच माणसाचं ऐकून निर्णय घेणं. मला एकाने सांगितलं क्लेम्समध्ये फक्त भांडणं असतात, दुसरीने सांगितलं की त्यासारखं समाधान कुठे नाही. दोघंही खरं बोलत होते, कंपन्या वेगळ्या होत्या. एका कामाबद्दल निदान तिघांशी बोला.

१०. ओळख टिकवायची कशी

दर आठवड्याला गुड मॉर्निंग पाठवून नाही. तीन-चार महिन्यांनी एकदा, खरं सांगण्यासारखं असेल तेव्हा. मी लायसन्शिएटचा पहिला पेपर पास झाल्यावर फोर्टच्या ताईंना कळवलं. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचाच मेसेज आला की एका कंपनीत ट्रेनी अंडररायटरची जागा निघालीय, लिंक ही, अर्ज कर. मी अर्ज केला, टेस्ट दिली, दोन इंटरव्ह्यू दिले. त्यांनी तिथे कुणाला फोन केला नाही आणि मीही करा म्हटलं नाही. पण इंटरव्ह्यूत गोडाऊनचा प्रश्न आला तेव्हा काय काय बघायचं ते मला माहीत होतं.

आणि तुमच्याकडेही देण्यासारखं काहीतरी असतंच. ताईंच्या नवऱ्याचा छोटा धंदा आहे, त्यांचं जीएसटीचं एक अडलेलं मी रविवारी बसून सोडवून दिलं. मागच्या महिन्यात ताईंनी त्यांच्या भाच्याला माझ्याकडे पाठवलं, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. शनिवारी आम्ही डोंबिवली स्टेशनजवळच्या उडप्याकडे भेटलो. त्याने प्रश्न वहीत लिहून आणले होते, आणि पहिलाच प्रश्न होता की काल तुम्ही ऑफिसमध्ये काय केलंत.